भाताचा गोळा

इंद्रलोक वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये दुपारी जेवताना रामनाथच्या घशात बोय माशाचा काटा रुतला. बायकोनं, मंजुळानं, सवयीनं कोरड्या भाताचा गोळा वळून त्याच्या हातावर ठेवला. "आवं, चावू नका, तसाच गिला."

त्यानं गिळला. काटा सुटला, पण गळ्याची घाटी थांबेना. तोंड रिकामं होतं, तरी ती वर चढायची, खाली आपटायची. थुंकी संपली, मग जीभच मागे ओढली जाऊ लागली.

जीभ धरायला त्यानं बोटं तोंडात घातली. घशानं ती पकडली. हात मनगटापर्यंत आत गेला, ओठ फाटले, ताटात रक्त सांडलं.

मंजुळा किंचाळली. त्याचं कोपर धरून जिवाच्या आकांतानं ओढू लागली.

मग ओढायची थांबली. रामनाथनं वर पाहिलं. तिच्या गळ्याची घाटी वर चढत होती.

तिनं त्याचं कोपर तोंडाशी नेलं. चावलं नाही.