नुसतं ओके

"रडतंय तोवर घाबरू नकोस. गप्प झालं की धाव," धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात मदतीला आलेल्या ताईनं निघताना बजावलं होतं. धाकटीनं ते हसण्यावारी नेलं. तिला धास्तावायला बाळाचं रडणंच पुरेसं होतं.

ताई कपडे शिवायची आणि शिवता शिवता फोनवर अखंड बोलायची. तिच्या एका 'ओके'चे नाना अर्थ. 'ओक्के' म्हणजे मला पटलं नाही, पण तू ऐकणार थोडीच. 'ओके गं बाई' म्हणजे हरले तुझ्यापुढे. 'ओके ओके' म्हणजे गिऱ्हाईक आलंय, ठेव आता. हल्ली मात्र बाळाच्या तापाला 'ओके', पहिल्या दाताला 'ओके', "बरी आहेस ना?" यालाही मेसेजवर नुसतं 'ओके'.

एका दुपारी रांगतं बाळ एकदम गप्प झालं. ती धावली. साहेब दाराआड बसून बाबांची चप्पल चघळत होते. चप्पल ओढून घेताना तिला ताईचे शब्द आठवले, आणि मग ताईच आठवली. तशीच बाळाला कडेवर घेऊन ती ताईच्या घरी गेली.

मशीनवर एकाच बाहीचं झबलं पडलं होतं.

"हे अर्धवट का गं?"

"सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांना काय झालंय कोण जाणे. तुझी आधीच जागरणं, तुला कुठं सांगू?" म्हणता म्हणता ताई हमसून रडायला लागली.

ते रडणं ऐकून धाकटीचा जीव भांड्यात पडला.

तुमच्याही फोनवर कुणाचं तरी नुसतं 'ओके' आलं असेल. जरा जाऊन बघता का?