तारेची घासणी

सुरतच्या त्या डेअरीत दूध तापवणाऱ्या यंत्राच्या प्लेटा डावखुऱ्या भिकनइतक्या लख्ख कोणी घासत नसे. नुसत्या ब्रशनं खरवड निघत नाही म्हणून तो गोडादऱ्याहून घरची तारेची घासणी आणायचा. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत साहेबांनी त्याला बक्षीस म्हणून स्टीलचं पातेलं दिलं. खरवड मात्र दर महिन्याला जास्तच धरू लागली. नव्या इंजिनिअरनं एक प्लेट उन्हात तिरपी धरली. "ये तार के निशान हैं. दूध इसी में चिपकता है. और घिसनेवाला लेफ्टी है." सगळ्या रेघा एकाच बाजूला कलल्या होत्या. "भिकनभाऊ, गप ऱ्हावा," शेजारचा बळीराम पुटपुटला. पुन्हा तार वापरणार नाही, असं लिहिलेला कागद इंजिनिअरनं पुढं केला. "सब मेरे सामने साइन करो." शेवटी भिकनची पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पेन उजव्या हातात घेतलं.