पिनकोडसकट पत्ता

केरकर मास्तरांनी पत्र ऑनलाइन सेवाकेंद्रातल्या बाईंपुढे ठेवलं. पाकिटावरचा पत्ता पिनकोडसकट अचूक होता. चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. 'तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आहे,' हे वाचून त्यांनी त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं चेक पाठवला होता. पोचपावतीही आली होती. तरी आज सकाळपासून साइट उघडत नव्हती.

साइट त्यांच्या मुलीची, शलाकाची. मुलांसाठी गोष्टी वाचून त्यांचं रेकॉर्डिंग ती तिथं ठेवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. दृष्टी गेलेली तिची आई रोज जेवणानंतर एक गोष्ट ऐकायची.

"मास्तर, पत्र पाठवणारी ही माणसं वेगळी. यांचा तुमच्या साइटशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "खऱ्या कंपनीनं तुमच्या मुलीच्या फोनवर कळवलं असेल. तो कुठंय?"

"माझ्याकडेच आहे. कळवत होते," मास्तर म्हणाले. "फोनवरचं सगळं फसवं असतं म्हणून मी पुसत गेलो."

बाईंनी बराच वेळ शोधून पाहिलं. नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं. पैसे न पोचल्यानं खऱ्या कंपनीनं गोष्टीही पुसून टाकल्या होत्या.

दुपारी जेवणं उरकल्यावर बायको खुर्ची सरकवून बसली. "लावताय ना हो?"

"लाईट गेलीय," मास्तर म्हणाले.

तिनं मान वर केली. पंख्याचा वारा तिच्या तोंडावर येत होता. ती म्हणाली, "बरं. आली की सांगा."