शेपटीजवळच्या दोन खाचा

"तिकडे काही नाही गं ताई. चल, आधी चहा घेऊ."

धाकटा भाऊ हे पुन्हा म्हणाला, म्हणून थोरलीने मुद्दाम तिकडेच पाय वळवले.

गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन. हॉलभर रॉड, रिळं, दोऱ्या आणि गळाला लावायचे खोटे मासे. वडील, आप्पा, होते तोवर तिघं यायची, यंदा दोघंच. आप्पांनी कोरलेला शेवटचा लाकडी मासा मागच्या वर्षी धाकट्याच्या हातून तळ्यात गेला होता. दोरी तुटली म्हणाला. त्याच्यासारखा दुसरा एखादा मिळतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

कोपऱ्यातल्या स्टॉलवर काचेची लांबलचक टाकी होती. टाकीतून एक प्लास्टिकचा मासा दोरीने ओढला जात होता. डावीकडे कलत. जरा थांबत. पुन्हा डावीकडे.

ती थांबली. आप्पांचे मासे पाण्यात अगदी असेच चालायचे.

(भोंगा: दारासमोर लावलेली निळी गाडी कृपया मालकांनी काढावी.)

"हातात घेऊन बघा मॅडम, याला गळ लावलेला नाही, टोचणार नाही." विक्रेत्याच्या कॉलरला माइक होता, त्यामुळे तो तिच्याशी बोलला तरी सगळ्या हॉलशी बोलायचा. "शेपटीजवळ दोन खाचा दिसतायत? त्यांतून बुडबुडे सुटतात. मोठा मासा वेडा होतो वेडा! आणि मधली जागा कोरी ठेवलीय ना, ती मुद्दाम. आमच्या संशोधन विभागाची सगळी कमाल त्या कोऱ्या जागेत आहे."

तिने मासा उलटा केला. बोट फिरवलं. खाच. कोरी जागा. खाच.

"मुद्दाम नाही," ती म्हणाली. "दात पडला होता."

"कुणाचा?"

प्रश्न माइकमधून हॉलभर फिरला. मागून कुणीतरी ओरडलं, "माशाचा असेल!" लोक हसले.

आप्पांचा. पुढचा. आप्पा मऊ लाकडाचा मासा कोरायचे आणि शेपटीला गळ बांधायची वेळ आली की तो आडवा दातांत धरायचे. आई करवादायची, "अहो, रंग जाईल पोटात!" मग दात न उघडता उत्तर यायचं, "हात मोकळे नकोत का?" त्यांच्या प्रत्येक माशावर ते दात उमटलेले असायचे. पडलेला दातसुद्धा.

तिने मान वर केली. लाल, हिरवे, चंदेरी, पट्टेवाले. भिंतभर आप्पांचे दात टांगलेले होते.

धाकटा शेजारच्या स्टॉलवर एका रिळाची मूठ गरागरा फिरवत होता. हात थांबला तर हॉलचे दिवे जातील, अशा निष्ठेने.

"दोरी तुटली म्हणालास."

"ताई, इथे नको."

"मी त्या तळ्यात उतरले रे! कमरेएवढ्या गाळात. आणि तू काठावर उभा राहून मला सांगत होतास, जरा डावीकडे बघ!"

विक्रेत्याने घाईघाईने माइक मुठीत धरला, पण 'डावीकडे बघ' तोवर पार चहाच्या टपरीपर्यंत पोचलं होतं.

"या कंपनीवाल्यांना नुसतं माप घ्यायचं होतं," धाकटा म्हणाला. "डब्यावर आप्पांचं नाव छापणार होते. तसं बोलणं झालं होतं. तुला एकदम डबाच दाखवणार होतो मी."

तिने स्टॉलवरचा माशाचा एक डबा उचलून त्याच्या पुढ्यात धरला. "दाखव."

त्याने डबा घेतला. वरून बघितला, खालून बघितला, बाजू फिरवल्या. कान तांबडे होत गेले. छापलेलं भरपूर होतं. संशोधन विभाग. बुडबुडे. लहान मुलांपासून दूर ठेवा. तोंडात घालू नये.

"नाव कुठाय?"

त्याने डबा पुन्हा पहिल्या बाजूपासून बघायला घेतला.

"बरं, मासा कुठाय?"

त्याने डबा खाली ठेवला. "साचा काढायला मधोमध चिरावा लागतो म्हणे. आधी बोलले नव्हते. दोन फाका परत आल्या. तुला काय सांगणार होतो मी?"

(भोंगा: निळ्या गाडीचे मालक, आता शेवटचं सांगतोय.)

तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेही थांबली नाही. थोरलीने खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली. प्लास्टिकचा मासा तोंडाशी नेला. आडवा. शेपटीजवळ, बरोबर त्या खाचांवर दात टेकवले आणि सगळा जोर लावून आवळले.

लाकूड असतं तर दबलं असतं. हे दबलं नाही.

"अहो मॅडम! डब्यावर स्पष्ट लिहिलंय..." विक्रेत्याच्या मुठीतून माइक सुटला आणि सगळ्या हॉलने माना वळवल्या.

धाकटा मागे सरकला. मागे टाकी होती. पाठ काचेला लागली, आत पाणी हललं.

"ताई," तो म्हणाला. "ताई, काहीतरी बोल ना."

ती बोलणार कशी? दातांत मासा होता. हात मोकळे होते.