केसाएवढी रेघ

काकाला पोचवून स्मशानातून परत आलो, तर बाबा आंघोळ करून थेट कारखान्यात गेले आणि चौकटीवर नक्षी काढायचा जुना रंधा मांडीवर घेऊन बसले. चौतीस वर्षांपूर्वी लाकडातल्या खिळ्यावर घासून त्याच्या पात्याला खाच पडली. तेव्हा 'हत्यार सांभाळता येत नाही' म्हणून बाबांनी सख्ख्या भावाला कारखान्यातून घालवलं. त्या खाचेमुळे आमच्या प्रत्येक नक्षीवर केसाएवढी रेघ उठते. गिऱ्हाइकांना ती आमची खूण वाटते. पातं घासून खाच काढू या, असं मी कितीदा म्हटलं, पण बाबांचं एकच, "राहू दे."

आज मला राहवलं नाही.

"बाबा, त्या खिळ्यावर रंधा काकानं नव्हता मारला. मी मारला होता, आणि गप्प बसलो."

बाबांनी खाचेवरून अंगठा फिरवला.

"माहीत आहे. मी दारातच उभा होतो."

"मग काकाला का घालवलंत?"

"दोन घरं चालतील एवढं काम नव्हतं," ते म्हणाले आणि रंधा माझ्या हातात दिला. "माझ्यामागंही पातं घासू नकोस."