गुणाजीचा कप

पंढरीच्या हॉटेलातली बादली बघून गोपीनाथची चहाची तल्लफ निम्मी मेली. सगळ्या स्टँडच्या कपबश्या त्या एकाच बादलीत बुचकळून निघत होत्या आणि पाण्याला चहाचाच रंग आला होता.

कल्याणच्या एसटी स्टँडवर तो मुरबाडच्या गाडीची वाट बघत होता. नाकावर रुमाल. बाकावर टेकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, कोणी खोकलं की तोंड फिरवून श्वास धरायचा, हे त्याचे नेहमीचेच सोपस्कार. ऑफिसात यावरून त्याची भरपूर थट्टा व्हायची. पण आज तसं कारणच होतं. शहाडच्या पुढे म्हारळला, सासुरवाडीला, उद्या त्याच्या पहिल्या मुलीचं बारसं होतं. त्याने तिला अजून पाहिलंही नव्हतं. बापाने पहिल्या भेटीला इथल्या गर्दीतून क्षय घेऊन जायचं, या विचारानेच तो रुमाल नाकावर आणखी घट्ट दाबायचा.

एरवी बायको त्याच्या पिशवीत न चुकता फुलपात्र घालायची. आता बायको बाळंतपणाला माहेरी आणि फुलपात्र ठाण्याच्या खोलीत, फळीवर.

तेवढ्यात त्याला भिंतीच्या खिळ्याला अडकवलेला एक कप दिसला. निळ्या काठाचा, लख्ख. बादलीशी त्याचा काही संबंध नसावा.

"हा कप वेगळा का टांगलाय हो?"

"गुणाजीचा हाय तो. भाजीवाल्याचा," पंढरी चहा गाळता गाळता म्हणाला. "सोता कढत पान्यानं धुतो नि टांगून जातो."

"मग मला यातच द्या."

"अवो साहेब, पन तो..."

"पण नाही न् बिण नाही. गाडी येईल आता."

गोपीनाथने कप स्वतःच काढला आणि पुढे धरला. मागून दोघंतिघं चहासाठी ओरडत होते. पंढरीने एकदा साहेबाकडे बघितलं, एकदा कपाकडे, आणि ओतला.

चहा छान होता. बाहेरचा चहा गोपीनाथने इतक्या निवांतपणे कधी घेतला नव्हता. या गावात आपल्यासारखा एक तरी माणूस आहे, याचं त्याला मोठं बरं वाटलं. निम्मा कप झाला असेल, तेवढ्यात डोक्याला पंचा गुंडाळलेला एक हडकुळा माणूस आत आला आणि खिळ्याकडे बघत राहिला.

"पंढरी, माजा कप कुठं गेला?"

"ह्या साहेबांनी घेतला. मी सांगत होतो, ऐकतील तर ना!"

बाकावर एक जण बिडी ओढत बसला होता. त्याला राहवलं नाही. "साहेब, तुमाला ठावं हाय ना? वर्सभर सॅनिटोरियममधे होता हा गुणाजी. टीबीनं."

तोंडातला घोट गोपीनाथच्या भलत्याच नळीत गेला. जो ठसका लागला, तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, रुमाल खाली पडला, चहा शर्टावर सांडला. बिडीवाला बिडीसकट उठून बाहेर गेला. एका बाईने कडेवरच्या मुलाच्या तोंडावर पदर टाकला. बाक रिकामा झाला. आणि गुणाजीही मागे सरला, डोक्याचा पंचा सोडून त्याने नाकाला लावला.

"तू कशाला नाक धरतोस?" गोपीनाथ कसाबसा ओरडला. "तुझाच कप ना हा? लोकांना लागू नये म्हणूनच वेगळा ठेवलास ना?"

"नाय साहेब. मी बरा जालो. डाक्टर बोलला, आता तुजं कोनाला लागनार नाय. पन तुला दुसऱ्याचं लागलं, तर तू नाय टिकायचा. म्हनून कप वेगला." पंच्याआडून त्याचा आवाज दबलेला येत होता. "वर्सभर पोरीला लांबूनच बगितली मी. आत्ता कुठं मांडीवर घेतो तिला. तुमचा खोकला किती दिसांचा हाय?"

"मला खोकला नाही! नुसता ठसका लागला."

गुणाजीने मान हलवली. त्यात थट्टा नव्हती, उलट कीवच होती.

"मी बी पयले असाच सांगायचो," तो म्हणाला.

गोपीनाथने कप त्याच्यापुढे केला. गुणाजीने हात पाठीमागे नेले.

"र्‍हाऊ द्या. तुमीच ठेवा. घरी लहान पोर असंल, तर आपला कप वेगला बरा."

बाहेर मुरबाडची गाडी लागली. गोपीनाथ चढला आणि खिडकीशी बसला. कप हातातच राहिला होता. टाकावा कुठे, हेही त्याला सुचत नव्हतं. बघता बघता गाडी खच्चून भरली. दारापर्यंत माणसं उभी राहिली. कंडक्टर "पुढे सरका, जागा आहे" म्हणून ओरडून दमला. हॉटेलातली ती बाई मुलाला घेऊन अवघडून उभी होती, पण गोपीनाथच्या शेजारी कोणी बसलं नाही. अशी जागा मिळावी म्हणून तो आजवर किती गाड्या सोडत आला होता.

शहाडचा पूल आला. वाऱ्याबरोबर धूळ आत आली आणि घशात पुन्हा खवखवलं. सगळी गाडी आपल्याकडे बघतेय असं त्याला वाटलं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि ठसका गिळला. एका हातात कप होता, दुसरा हात खिशातल्या चांदीच्या वाळ्यांवर. हे वाळे मुलीच्या पायात आपणच घालायचे, असं त्याने ठरवलं होतं. आता तिला मांडीवर घ्यावं की घेऊ नये, एवढंच त्याला कोणाला तरी विचारायचं होतं.

शेजारची जागा अजून रिकामीच होती.