शेतीचं प्रकरण

मरियममातेच्या जत्रेला थेमिस्तोक्लिस प्राध्यापक अथेन्सहून गावी आला, तो गावावर लिहिलेलं स्वतःचं पुस्तक घेऊनच. चर्चसमोरच्या चिनाराखाली वाचन सुरू झालं. सत्तरीची कालिरोई पहिल्याच रांगेत बसली होती. डोंगर किती उंच, तुर्क कोणत्या खिंडीतून आले, हे तिने निमूटपणे ऐकून घेतलं. मग शेतीचं प्रकरण आलं.

"इथल्या बायका या उतारांवर घेवडा पिकवत असत," प्राध्यापकाने हळहळत वाचलं. "पाठीवरून शेणखत वाहत असत."

"असत?" कालिरोई शेजारणीला म्हणाली. "मग आज सकाळी मी काय वाहिलं?"

शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. थोड्या वेळाने पाचची घंटा झाली. कालिरोई उठली, पायाशी ठेवलेलं फावडं खांद्यावर टाकलं आणि प्राध्यापकाच्या समोरूनच निघाली.

"मावशी, बसा की! अजून बरंच वाचायचंय."

"तुझं चालू दे, बाळा. माझी पाण्याची पाळी आहे. चुकली तर घेवडा करपेल."

लोक हसले. वर शेतात पोचून तिने पाटाचं पाणी वाफ्यात वळवलं, तोच लाउडस्पीकरवरून त्याचा आवाज आला, "मित्रहो, अशी माणसं आता बघायलाही मिळत नाहीत!"

आणि खाली अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या.